आयर्लंडमधले बिनगाड्यांचे सायकल-रस्ते : बाबांना कुठे नेऊ?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी चार वर्षांपासून अॅथलोनला राहते. मेच्या अखेरीस आई-बाबा जतहून सहा आठवड्यांसाठी येताहेत. बाबा 67 वर्षांचे. शाळामास्तर होते, आणि नोकरीची सगळी वर्षं शेजारच्या गावातल्या शाळेत सायकलनेच गेले. रोज सात किलोमीटर जाऊन, सात येऊन. गावात आता घरटी मोटरसायकल आहे, पण बाबा अजून दूध आणायलाही सायकलवरच जातात.

मी फोनवर इथली ठिकाणं सांगत होते. किल्ले, समुद्र, डब्लिन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बघू गं सगळं. तिथं सायकल मिळंल का मला?"

सायकल मिळेल. रस्त्याचं काय, ते सांगा. आमच्या वसाहतीबाहेर पडलं की रस्त्याला कड नावाला नाही. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच हिरवी कुंपणं, वळणावळणाचा रस्ता आणि त्यावर सुसाट मोटारी. मी स्वतः तिथे जीव मुठीत धरून चालवते, वडिलांना कशी नेऊ? दुसरीकडे, त्यांना नुसत्या बागेतल्या फरसबंद वाटेवर फिरवायचं नाहीये. शेतं, गोठे, गावं दिसायला हवीत, माणसं भेटायला हवीत. रोज 20 ते 30 किमी जमतील. ज्यांनी इथे भरपूर सायकल चालवलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दोनचाकी
ताई, आयर्लंडमधल्या उत्तम वाटांपैकी एक तुमच्या दारातच आहे. अॅथलोन ते मलिंगार, ओल्ड रेल ट्रेल, 42 किमी, 2015 मध्ये खुली झाली. ही रेल्वे 1987 मध्ये बंद पडली. दुहेरी मार्गापैकी एका बाजूचा रूळ तसाच ठेवून दुसऱ्या बाजूला डांबरी वाट केली आहे. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ जवळपास नाहीच. पहिल्या दिवशी मोटपर्यंत जा. तिथलं जुनं स्थानक बाबांना आवडेल.

पण तुम्हाला गावं आणि गोठे हवेत, आणि ते रेल्वेच्या वाटेवर कमी दिसतात. बऱ्याच ठिकाणी ती खोल खोदलेल्या चरातून जाते, दोन्हीकडे झाडी. शेत बघायचं तर खऱ्या रस्त्यावरच यावं लागतं. इथल्या रस्त्यांची अक्षरं ओळखायला शिका: एम (मोटरवे), एन (राष्ट्रीय), आर (प्रादेशिक), एल. एन आणि आर विसरून जा. एल म्हणजे स्थानिक रस्ते, आणि देशातले बहुतेक रस्ते तेच आहेत. त्यातही क्रमांकाचे आकडे मोजा. एलपुढे चार आकडे असतील तर रस्ता वापरातला. पाच आकडे असतील तर तो कुणाच्या तरी शेताकडे जाणारा, दिवसभरात पाच-दहा गाड्यांचा. मधोमध गवताची पट्टी उगवलेली दिसली की समजा, तुम्ही योग्य जागी आलात.

फेब्रुवारी 2025 पासून एल रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा 80 वरून 60 झाली आहे. सगळे पाळतात असं नाही, पण मी रोज चालवतो आणि मला फरक जाणवतो.

पुणेरी_पायडल
रस्त्याच्या मधोमध गवत? आमच्याकडे रस्त्याच्या मधोमध मोटारी उगवतात. धागा वाचतोय.

वाटसरू_मेयो
कृष्णाकाठताई, आमच्या मेयोतल्या वेस्टपोर्टला या. अॅथलोनहून थेट गाडी आहे, डब्लिन-वेस्टपोर्ट गाडी तुमच्याच स्थानकातून जाते. सायकल गाडीत घेता येते, फक्त जागा मोजक्या असतात, आधी आरक्षण करा.

वेस्टपोर्ट ते अॅकिल, ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे (अशा बिनगाड्यांच्या वाटेला इथे ग्रीनवे म्हणतात), साधारण 42 किमी. 2010 मध्ये एक टप्पा सुरू झाला, पुढच्या वर्षी पूर्ण झाला. मी इथल्या रुग्णालयात काम करते. रात्रपाळी संपली की घरी न जाता कितीदा तरी या वाटेवर गेले आहे. तीन टप्पे आहेत. वेस्टपोर्ट-न्यूपोर्ट सुमारे 11 किमी, न्यूपोर्ट-मलरॅनी 18, मलरॅनी-अॅकिल 13. बाबांसाठी शेवटचा टप्पा घ्या. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर आणि काळ्या दलदलीची माळरानं. तिथे आजही जळणासाठी मातीच्या विटा कापून उन्हात उभ्या रचून ठेवतात. लांबून बघितलं की शेणी रचल्यासारखं दिसतं.

एक गोष्ट गाठीशी बांधा: इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून असतो. म्हणून सायकली भाड्याने देणाऱ्यांच्या व्हॅनने आधी अॅकिलला जायचं आणि सायकलने परत यायचं. उलटं केलंत तर शेवटचे 13 किमी तोंडावर वारा घेत जाल.

ही वाटही एका बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरच आहे. त्या रेल्वेची एक गोष्ट इथे घराघरात सांगतात. सतराव्या शतकात ब्रायन रुआ नावाच्या माणसाने भाकीत केलं होतं म्हणे, की लोखंडी चाकांच्या, धूर ओकणाऱ्या गाड्या अॅकिलला येतील, आणि पहिली व शेवटची गाडी प्रेतं घेऊन येईल. 1894 मध्ये अॅकिलचे मजूर स्कॉटलंडला सुगीच्या कामाला निघाले होते. बोटीला नेणारं त्यांचं गलबत क्लूच्या उपसागरात उलटलं, 32 जण गेले. रेल्वे अजून रीतसर सुरूही झाली नव्हती, तिने पहिल्यांदा हे मृतदेह आणले. 1937 मध्ये मार्ग बंद होण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायला गेलेली अॅकिलची 10 मुलं झोपडीला आग लागून गेली. तीही याच रुळांवरून घरी आली. भाकिताचं काहीही असो, पोटासाठी परमुलखात जाणाऱ्या मुलांची ही वाट आहे. आपण सगळेच इथे पोटासाठी आलो आहोत. त्या वाटेवर मी घंटीसुद्धा हळू वाजवते.

रानवारा
वाटसरूताई, अंगावर काटा आला. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आठवल्या.

केतकी_वॉटरफर्ड
मी वॉटरफर्डची बाजू घेणार. वॉटरफर्ड ते डंगार्वन, 46 किमी, मार्च 2017 मध्ये खुली झाली. पूर्ण डांबरी, त्यामुळे बारीक टायरची सायकलही चालते. मेयोत बारीक खडी दाबून केलेले भाग आहेत, तिथे जाड टायर बरा. अकरा पूल, तीन उंच कमानी-पूल आणि 400 मीटरचा बोगदा.

त्या बोगद्याबद्दल थोडं लिहिते, कारण माझी मुलगी तिथे सायकल शिकली. आत शिरण्याआधीच गार हवा पायाला लागते. बोगद्याच्या तोंडाशी दगडातून पाणी ठिबकतं आणि फुटाफुटावर नेचे उगवलेले आहेत, इतके हिरवे की ते ओल्या रंगाचे वाटतात. आत मंद दिवे आहेत. समोरून कुणी आलं तर दिसायच्या आधी त्याच्या चेनचा आवाज येतो. बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर डंगार्वनचा समुद्र उघडतो. माझी मुलगी प्रत्येक वेळी बोगद्यात शिरताना "ऊऊऊ" करते आणि समोरून येणारी आयरिश आजी-आजोबाही तिला "ऊऊऊ" करून उत्तर देतात.

दोनचाकी यांच्याशी मी सहमत नाही. 67 वर्षांच्या माणसाला पाच आकडी रस्त्यावर न्यायचं आणि वळणावर दुधाचा टँकर समोर उभा? त्या अरुंद रस्त्यांवर बाजूला व्हायलाही जागा नसते. आधी पूर्ण बिनगाड्यांची वाट द्या, बाकीचं नंतर.

दोनचाकी
केतकी, काळजी बरोबर आहे, पण रविवारी दुपारी तुमच्या ग्रीनवेवर मी होतो. लहान मुलं, बाबागाड्या, दोरी ताणून चालणारे कुत्रे, जोडीजोडीने इ-बाइक. मला 12 च्या वर वेग घेता आला नाही. ती वाट सुंदर आहे आणि ती पोरांचीच असली पाहिजे, मी तिथे वेगाने जाणं चुकीचं. पण म्हणूनच ज्याला सायकल *चालवायची* आहे त्याच्यासाठी सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी सातनंतरचा एल रस्ता चांगला. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. आठ वाजता सगळा देश जेवून टीव्हीपुढे बसलेला असतो आणि रस्ता तुमचा.

केतकी_वॉटरफर्ड
रविवारी दुपारी यायचंच नाही ना! मंगळवारी सकाळी या. किलमॅकथॉमसचा आठ कमानींचा पूल तुम्हाला एकट्यालाच मिळेल.

शब्दवेल
भाषेची एक गंमत सांगते. अशा अरुंद रस्त्याला इथे 'बोरीन' म्हणतात. मूळ आयरिश शब्द 'बोहर' म्हणजे रस्ता, त्याचं लहान रूप ते बोरीन. आणि बोहरमधला 'बो' म्हणजे गाय. आपला 'गो' आणि त्यांचा 'बो' एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. जुन्या आयरिश ग्रंथात रस्त्याच्या रुंदीचं मापच दिलंय: एक गाय आडवी आणि एक उभी मावली पाहिजे. म्हणजे कृष्णाकाठताईंच्या बाबांना जिथे न्यायचंय ती शब्दशः गोवाट आहे.

रानवारा
व्वा, शब्दवेल! आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे याला सरळ पाणंद म्हणतात. दोन्हीकडे बांध, बांधावर झाडोरा, मधे बैलगाडीची चाकोरी आणि चाकोरीत गवत. मी कॉर्कजवळ पहिल्यांदा बोरीनवर सायकल घातली तेव्हा डोळे भरून आले होते. फक्त निवडुंगाच्या जागी हॉथॉर्न आणि करंजाच्या जागी ब्लॅकबेरी.

पण कुत्र्यांचं कुणी लिहिलं नाही. प्रत्येक शेताच्या फाटकाशी एक मेंढपाळी कुत्रा लोळत असतो. चाक फिरताना दिसलं की त्याला ते मेंढरू वाटतं. पळवू नका सायकल, तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे धरायची आणि आवाज चढवायचा. इथले लोक "गो होम!" म्हणतात. मी एकदा घाबरून "हाड! हाड!" ओरडलो, तो जागच्या जागी बसला.

पुणेरी_पायडल
"हाड" ही जागतिक भाषा आहे, यात मला कधीच शंका नव्हती.

आबा_सातारकर
बरेच दिवसांनी लॉगिन झालो, या धाग्यासाठी. मी 71 वर्षांचा, लेक गॉलवेजवळ असते, तिच्याकडे दोन उन्हाळे राहून आलो आहे. म्हणून ज्याच्यासाठी धागा काढलाय त्याच्या वयाचा माणूस म्हणून लिहितो.

केतकी आणि दोनचाकी दोघांचंही पटतं, पण दोघांनीही एक सांगितलं नाही. आमच्या वयात भीती गाडीची नसते, मागून येणाऱ्या गाडीची *वाट बघण्याची* असते. मान वळत नाही पूर्वीसारखी. म्हणून हँडलला आरसा लावून द्या. पंधरा-वीस युरोंचं काम आहे. मला लेकीने लावून दिला आणि पहिल्यांदा मी कुंपणातली फुलं बघितली. त्याआधी नुसता कान मागे लावून बसायचो.

दुसरं, सीट उंच करून देऊ नका. इथले दुकानदार शास्त्र म्हणून उंच करतात. आपल्या माणसाला थांबल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत.

तिसरं, डावीकडूनच चालायचं असतं, आपल्यासारखंच. त्यामुळे युरोपात इतरत्र जो गोंधळ होतो तो इथे होत नाही.

कृष्णाकाठ
आबा, आरशाचं मला सुचलंच नसतं. आजच मागवते. सीटचंही लक्षात ठेवते. सगळ्यांचे आभार, वाचतेय.

अकोलेकर
मी मूर्तिजापूरचा. हे सगळं वाचून एक विचार मनातून जात नाही. आमची शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली अरुंद रुळांची गाडी. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद, रुळांवर बाभळी. आयर्लंडने मेलेल्या रेल्वेचं सोनं केलं, तर आपल्याकडे अशी सायकल-वाट का नको? गावागावांतून जाईल, शाळेच्या मुलींना सुरक्षित रस्ता मिळेल.

विदर्भकन्या
अकोलेकर, मी यवतमाळची. नको. आम्हाला गाडी हवी आहे, मोठ्या रुळांची. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं निवेदनं देताहेत. एकदा त्या जागेवर सायकल-वाट झाली की रेल्वे कायमची गेली. डब्लिनहून आलेल्या पर्यटकाला वाट हवी असते, पण दवाखान्यात जाणाऱ्या आजीला गाडी लागते.

मंदार_लिमरिक
हा वाद इथेही जसाच्या तसा आहे, म्हणून लिहितो. पश्चिमेला क्लेअरमॉरिस-अॅथेनराय हा बंद मार्ग आहे. काही लोकांना तिथे ग्रीनवे हवा होता, काहींना रेल्वे. 2024 मध्ये संपूर्ण बेटाचा जो रेल्वे आढावा प्रसिद्ध झाला त्यात तो मार्ग रेल्वेसाठी पुन्हा सुरू करावा अशी शिफारस आली. म्हणजे विदर्भकन्या म्हणतात ते बरोबर आहे: जिथे गाडी परत येण्याची खरी शक्यता आहे तिथे आधी गाडी.

आमच्या लिमरिकची गोष्ट वेगळी. प्रवासी गाड्या 1963 मध्येच बंद झाल्या. ती जागा काट्याकुट्यांत गेली असती. स्थानिक स्वयंसेवकांनी बरीच वर्षं स्वतः झाडोरा तोडून, थोडी थोडी करत वाट जिवंत ठेवली. 2021 मध्ये रॅथकील ते अॅबीफील 40 किमी डांबरी होऊन खुली झाली, आणि पुढे केरीतल्या लिस्टोलपर्यंत जोडली गेली. बार्ना टेकडीजवळ चढ आहे, पण रेल्वेचा चढ, कळतही नाही. वाटेत आर्डाग लागतं. 1868 मध्ये बटाटे काढताना एका मुलाला तिथे आठव्या शतकातला चांदीचा प्याला सापडला. तो आता डब्लिनच्या संग्रहालयात आहे.

वाटसरू_मेयो
मंदार, एक भर घालते. रेल्वे बंद झाली म्हणजे जमीन सरकारची राहिली असं नाही. आमच्याकडे ती केव्हाच शेतकऱ्यांकडे गेली होती. ग्रीनवे झाला तो शेतकऱ्यांनी "जा आमच्या शेतातून" म्हणून परवानगी दिली म्हणून. जमीन त्यांचीच आहे. म्हणून वाटेत फाटकं लागतात, ती उघडायची आणि *परत लावायची*. गेल्या वर्षी आमच्याच एका सहलीत कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि त्या बिचाऱ्या शेतकऱ्याची वासरं दीड किलोमीटरवर सापडली. आम्ही सगळे परत जाऊन त्यांना हाकलत आलो. तो माणूस चिडला नाही, आम्हाला चहा दिला. मला आजही त्याची लाज वाटते.

दक्षिण केरीत उलट झालं. ग्लेनबेहून पुढे जाणारी समुद्राकाठची रेल्वे 1960 मध्ये बंद झाली. तिच्यावर ग्रीनवे करायला जमिनी सक्तीने संपादित करायचं ठरलं, शेतकरी कोर्टात गेले, कित्येक वर्षं गेली. आता काम सुरू आहे. पण एखाद्याच्या गोठ्याआड वाट काढायची तर आधी त्याच्या ओट्यावर बसून बोलायला हवं, असं मला ठाम वाटतं.

अकोलेकर
विदर्भकन्या, तुमचं म्हणणं पटलं. गाडी आधी. आणि गाडी आलीच तर रुळाशेजारी वाट मागू, जशी ती अॅथलोनला एका बाजूला रूळ ठेवून केलीय.

विदर्भकन्या
त्याला माझी पहिली सही.

दोनचाकी
विषयावर येतो, पंक्चरबद्दल. मार्च ते ऑगस्ट इथे कुंपणं छाटायला कायद्याने बंदी असते, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. 1 सप्टेंबरला सगळ्यांची यंत्रं एकदम बाहेर पडतात आणि रस्ताभर हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे काटे. बाभळीच्या काट्याइतकेच जहाल. तुम्ही जूनमध्ये जाताय म्हणजे सुटलात, तरी दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ ठेवा. दहा-दहा किलोमीटर दुकान नसतं. माझा अनुभव: एका ठिकाणी भाड्याने घेतलेल्या सायकलचं पायडल भर माळावर निखळलं, पाना जवळ नव्हता, सात किलोमीटर ढकलत आणली. तेव्हापासून भाड्याची सायकल घेतली की दुकानाच्या दारातच दोन्ही पायडल, ब्रेक आणि हवा तपासतो.

आणि जूनमध्ये सायलेज, म्हणजे जनावरांसाठी ओला चारा कापून साठवण्याचा हंगाम. ट्रॅक्टर मध्यरात्रीपर्यंत पळतात. बोरीनवर लांबून घरघर आली की शेताच्या फाटकाशी थांबायचं, तो जाईपर्यंत. गवत भरलेला ट्रेलर रस्त्याची अख्खी रुंदी व्यापतो.

आबा_सातारकर
ट्रॅक्टरवाला जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तो रामराम असतो. आपणही एक बोट उचलायचं.

पुणेरी_पायडल
ताई, आई-बाबा पोचले का? बाबांचं काय झालं? आम्ही इकडे फाटकाशी थांबलोय.

कृष्णाकाठ
पोचले, आणि तीन आठवडे कसे गेले कळलं नाही. उशिरा लिहितेय, पण सगळं लिहिते.

पहिल्या दिवशी मोटपर्यंत गेलो. बाबांनी आधी अंगठ्याने दोन्ही टायर दाबून पाहिले, मग घंटी वाजवून पाहिली, मग आरशात स्वतःला बघितलं. आबा, आरसा तुमचा हिट आहे. मोटला स्थानकावर बसून डबा खाल्ला. रूळ पाहून बाबा म्हणाले, "ठेवलं ते बरं केलं. उद्या लागलं तर परत येतंय." मी त्यांना इथला वाद वाचून दाखवला. त्यांनी विदर्भकन्या यांच्या बाजूने मत दिलं.

दोनचाकी, तुमचं ऐकून एका बुधवारी संध्याकाळी साडेसातला क्लॉनमॅकनॉइजच्या दिशेने पाच आकडी रस्ते शोधत निघालो. केतकी, घाबरू नकोस, मी मागे आणि बाबा पुढे, दोघांच्या अंगावर पिवळी जाकिटं. दीड तासात मोजून चार मोटारी आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही फाटकाशी थांबलो. गवताचा तो वास! कापलेल्या चाऱ्याचा, ओला, गोडसर. बाबांनी डोळे मिटून श्वास घेतला. चालकाने बोट उचललं, बाबांनी अख्खा हात जोडून नमस्कार केला. मग त्याने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि बाबांशी बोलत उभा राहिला. एकाला इंग्रजी बेताचं, दुसऱ्याचं इंग्रजी मलाही कळत नव्हतं. पण किती गाई, दूध किती, पाऊस कधी, हे दोघांना नीट कळत होतं. बाबांनी बोटांवर एकरं मोजली. वासरं फाटकाशी येऊन बाबांच्या सायकलची मूठ चाटत होती, खरखरीत जिभेने, रबर पार ओलं होईपर्यंत. बाबांनी ती पुसली नाही.

अॅकिल-मलरॅनी वाटसरूताईंच्या सल्ल्याप्रमाणे वारा पाठीशी घेऊन केलं. आईसुद्धा आली, भाड्याच्या इ-बाइकवर, आणि ती आमच्या पुढे होती. फाटकं सगळी लावली.

पण मुख्य सांगायचंय ते रॉयल कॅनॉलचं. मेनूथपासून क्लून्डारापर्यंत 130 किमीचा कालवाकाठ, 2021 मध्ये वाट म्हणून खुला झाला. आम्ही लाँगफर्ड काउंटीतला एक तुकडा केला. पाणी काचेसारखं, काठाला बदकं, पूर्ण सपाट. वाटेत एका ठिकाणी लहान मुलाच्या बुटांची जोडी दिसली, कांशाची, एका खांबावर. बाबांनी विचारलं हे काय. मी फलक वाचून सांगितलं: 1847 च्या दुष्काळात स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने 1,490 माणसं घराबाहेर काढून याच कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत पाठवली, तिथून इंग्लंडमार्गे जहाजाने कॅनडाला. पुष्कळजण पोचलेच नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी वाटेवर जागोजागी असे बूट ठेवले आहेत.

बाबा सायकल स्टँडला लावून खाली बसले. 72 च्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते. आजोबांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते. हे मला ठाऊक होतं, पण ते त्यावर कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. सुकडी कशी लागायची, मिलोची भाकरी घशात कशी अडकायची, त्यांच्या धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आजी किती चालायची. कालव्याकाठी तासभर बसलो. उठताना त्यांनी रुमालाने त्या बुटांवरचे पावसाचे थेंब पुसले.

परतताना बाबा पुढे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मागे न वळता, आरशात बघून विचारलं, "हा कालवा डब्लिनपर्यंत जातोय न्हवं? किती दिवस लागतील?"

शब्दवेल
ताई, डोळे पाण्याने भरले. बाबांना माझा नमस्कार सांगा.

आबा_सातारकर
मास्तरांना सांगा, 130 किमीला आमच्या वयात चार दिवस. रोज तीस-पस्तीस. घाई नको. मी ऑगस्टमध्ये गॉलवेला येतोय, पण तोवर ते परत जातील.

कृष्णाकाठ
आबा, बाबा 8 जुलैला परत जाताहेत. 1 तारखेला क्लून्डाराहून निघायचं ठरतंय. पहिला मुक्काम बॅलिमेहनच्या आसपास, मग मलिंगार, मग एनफील्ड, शेवटी मेनूथ. आई मोटारीने पुढे जाऊन थांबेल. मलिंगार आणि एनफील्डला स्थानक आहे, कुणी थकलं तर तिथून परत.

मंदार_लिमरिक
एनफील्ड ते मेनूथ मी येतो. सामानाच्या पिशव्या लावायला कॅरियर असलेली सायकल आहे, बाबांचं ओझं माझ्याकडे द्या.

केतकी_वॉटरफर्ड
मी आणि मुलगी मलिंगारला भेटू. ती विचारतेय, वाटेत बोगदा आहे का?

दोनचाकी
बोगदा नाही, पण पुष्कळ दगडी पूल आहेत, आणि कमानीखालून जाताना "ऊऊऊ" घुमतं. मी किलकॉकला येतो, पंप आणि पाने माझ्याकडे. किती वाजता, ते लिहा.